भोवळ

भोवळ : (घेरी, चक्कर). स्वतःचे शरीर अथवा सभोवतालच्या वस्तू प्रत्यक्षात स्थिर असताना त्या फिरत, झुलत किंवा एका बाजूस कलंडत आहेत, असा जो भास होतो त्यास भोवळ म्हणतात. भोवळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. तिच्यामागे काही मिनिटांच्या हाताळणीने दूर होणारा कानातील किरकोळ बिघाड असू शकतो, त्याचप्रमाणे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित करणारा प्राणघातक विकारही असू शकतो. पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक आढळतो. तथापि दोहोंतील फरक ओळखणे अत्यावश्यक असते. कारण पहिल्यात घाईचे कारण नसते, तर दुसऱ्यात काही तासांचा विलंबही भरून न येणारी हानी करतो.

बोलीभाषेत ‘चक्कर येते’ या एकाच तक्रारीखाली निदान चार निरनिराळे अनुभव सांगितले जातात : (१) फिरल्याचा भास, म्हणजे खरी भोवळ, (२) डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपेल असे वाटणे, (३) डोके ठीक असूनही चालताना तोल जाणे आणि (४) डोके हलके किंवा रिकामे झाल्यासारखे वाटणे. आयुर्वेदानेही भ्रम व मूर्च्छा यांत भेद केला असून मूर्च्छेत पित्त व तम यांचे, तर भ्रमात रज, पित्त व वात यांचे प्राधान्य मानले आहे. आधुनिक वैद्यकात हा भेद उपयुक्त असला, तरी केवळ त्यावर विसंबता येत नाही. रुग्णास आपला अनुभव नेमक्या शब्दांत सांगणे अवघड जाते आणि तोच रुग्ण थोड्या वेळाने वेगळे वर्णन करतो. त्यामुळे ‘कसे वाटते’ या प्रश्नापेक्षा ‘भोवळ किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि तिच्यासोबत आणखी काय होते’ हे तीन प्रश्न निदानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरतात. वैद्याकडे जाण्यापूर्वी रुग्णाने किंवा घरच्या माणसांनी त्यांची उत्तरे लिहून ठेवल्यास अर्धे निदान तेथेच होते.

तोल सांभाळणारी यंत्रणा : शरीराचा तोल राखण्यासाठी मेंदूस तीन ठिकाणांहून वार्ता मिळत असतात : डोळे, पायांचे तळवे, सांधे व मानेचे स्नायू, आणि अंतर्कर्ण. प्रत्येक अंतर्कर्णात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. नलिकांत अंतर्लसीका नावाचा द्रव असून डोके वळले की जडत्वामुळे तो मागे रेंगाळतो, नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेल्या संवेदनशील केसांना वाकवतो व त्यामुळे डोके कोणत्या दिशेने फिरत आहे हे मेंदूस कळते. पिशव्यांमधील जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटाचे अतिसूक्ष्म स्फटिक बसविलेले असतात. त्यांच्या वजनामुळे सरळ रेषेतील हालचाल व गुरुत्वाकर्षणाची दिशा यांची जाणीव होते. ही सर्व माहिती आठव्या मस्तिष्क तंत्रिकेवाटे (मज्जेवाटे) मस्तिष्क स्तंभ व निमस्तिष्क (लहान मेंदू) यांकडे जाते आणि तेथून डोळ्यांच्या व शरीराच्या स्नायूंना आज्ञा दिल्या जातात. [⟶ कान].

फुगडी खेळताना एकदम थांबले म्हणजे जमीन फिरताना दिसते. सतत फिरत राहिल्याने अंतर्लसीकेला फिरण्याचा वेग आलेला असतो. शरीर थांबले तरी द्रव काही क्षण पुढे वाहतच राहतो आणि केसांना उलट दिशेने वाकवतो. पाय व कान यांच्या साक्षी परस्परविरुद्ध होतात आणि या विसंगतीचे नावच भोवळ होय. घाटातून जाणाऱ्या एस. टी. बसमध्ये वाचन करणाऱ्यास ‘गाडी लागते’ तीही याच कारणाने : डोळे स्थिर पानाची व कान वळणांची वार्ता देतात. चालकास मात्र क्वचितच गाडी लागते, कारण त्याची दृष्टी रस्त्यावर असते व येणारे वळण त्यास आधीच ठाऊक असते. उंच कड्यावरून खाली पाहताना येणारी भोवळ जवळ टेकविण्याजोगी स्थिर वस्तू दृष्टीस न सापडल्यामुळे येते. हे सर्व प्रकार नैसर्गिक असून त्यांना उपचारांची गरज नसते.

इतिहास : फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरां यांनी १८२० ते १८३० या दशकात कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या, तेव्हा जी नलिका कापावी तिच्याच प्रतलात पक्षी डोके हेलकावू लागल्याचे त्यांना आढळले. तरीही भोवळ हा मेंदूत रक्त दाटल्याचा परिणाम आहे, ही समजूत कायम राहिली व रुग्णांचे रक्त काढण्याचा किंवा त्यांना जळवा लावण्याचा उपाय चालू राहिला. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य असलेल्या प्रॉस्पर मेन्येर यांनी १८६१ मध्ये भोवळ, बहिरेपणा व कानातील आवाज एकत्र असलेल्या रुग्णांची नोंद करून विकाराचे मूळ अंतर्कर्णात असल्याचे प्रतिपादन केले. व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांना कान धुताना पाणी गार असल्यास रुग्णाच्या डोळ्यांना एका दिशेने व कोमट असल्यास विरुद्ध दिशेने हिसके बसतात, असे दिसून आले. डोळ्यांच्या या अनैच्छिक हालचालीस नेत्रदोल म्हणतात. या निरीक्षणातून प्रत्येक कानाची स्वतंत्र परीक्षा करणे शक्य झाले. त्यासाठी बारानी यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वार्ता त्यांना मिळाली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

स्थितिजन्य सौम्य भोवळ : भोवळीचा सर्वांत अधिक आढळणारा हा प्रकार पन्नाशीनंतर व पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. वयोमानामुळे, डोक्यास मार लागल्यामुळे किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहिल्यामुळे वर उल्लेखिलेले स्फटिक आपल्या थरापासून सुटतात व अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी बहुधा मागील नलिकेत उतरतात. मग कुशीवर वळताना, अंथरुणातून उठताना, केर काढण्यासाठी वाकताना किंवा वरच्या फळीवरील डबा काढताना ते नलिकेत घरंगळतात आणि डोके थांबल्यावरही अंतर्लसीका हलत राहते. एकदोन सेकंदांनी खोली जोराने फिरू लागते, मळमळते, रुग्ण घाबरून पलंगाची कड धरतो आणि बहुधा मिनिटाच्या आत सर्व शांत होते. ऐकण्यात फरक पडत नाही. डोके स्थिर ठेवले असता तीव्र भोवळ येत नाही, हे तिचे मुख्य गमक होय.

लंडनमधील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेत बसलेल्या रुग्णाचे डोके एका बाजूस ४५ अंश वळवून त्यास झटकन असे निजवितात की, डोके खाटेच्या कडेबाहेर किंचित लोंबकळते. मग डोळ्यांतील नेत्रदोल पाहतात. या परीक्षेस ना यंत्र लागते ना खर्च. असे असूनही आपल्याकडे या रुग्णांपैकी पुष्कळांच्या मानेची क्ष-किरण छायाचित्रे काढली जातात, त्यांत मणक्यांची झीज दिसते आणि गळ्यास पट्टा बांधून त्यांना महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. पन्नाशी उलटलेल्या बहुतेक माणसांच्या मणक्यांत थोडीबहुत झीज असतेच. तिच्या छायाचित्रावरून भोवळीचे कारण सिद्ध होत नाही. ‘पित्त’ व ‘अशक्तपणा’ ही घरोघरी सांगितली जाणारी कारणेही अशीच योग्य तपासणी लांबणीवर टाकतात.

यावरील उपचार औषधाचा नसून हाताळणीचा आहे. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी सुटलेले स्फटिक नलिकेतून पुन्हा पिशवीत घरंगळत नेण्याची युक्ती शोधली. प्रारंभी समव्यावसायिकांनी तिची उपेक्षा केली. १९९२ मध्ये तिचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध झाल्यानंतर ती हळूहळू सर्वत्र रूढ झाली. रुग्णाचे डोके विकृत कानाच्या बाजूस ४५ अंश वळवून त्यास निजवितात. सुमारे अर्धा ते एक मिनिट थांबून डोके दुसऱ्या बाजूस ९० अंश वळवितात. पुन्हा तितकेच थांबून रुग्णास त्याच कुशीवर वळवून नाक जमिनीकडे येईल असे ठेवितात व शेवटी सावकाश उठवून बसवितात. बहुसंख्य रुग्णांना एकदोन वेळच्या हाताळणीने आराम पडतो. कोणता कान व कोणती नलिका बिघडली आहे हे ठरविल्याविना ही कृती व्यर्थ जाते, म्हणून पहिल्या खेपेस ती जाणकाराकडून करवून घ्यावी. मानेचे गंभीर विकार किंवा डोळ्यातील जालपटल (दृष्टिपटल) सुटलेले असल्यास ती करण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घेणे अवश्य असते. काही वर्षांत विकार अनेकांमध्ये उलटतो. अशा वेळी तीच कृती पुन्हा उपयोगी पडते.

इतर कारणे : भोवळ २० मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकत असेल व तिच्यासोबत एका कानात दडा बसणे, घूं घूं आवाज येणे व कमी ऐकू येणे अशी लक्षणे असतील, तर मेन्येर रोगाची शंका घ्यावी. यात अंतर्लसीकेचा संचय होतो. पापड, लोणची व वरून घेतलेले मीठ कमी करण्यास सांगण्याचा प्रघात आहे. त्याच्या उपयुक्ततेचा पुरावा मात्र तोकडा आहे. झटके येत राहिल्यास कालांतराने त्या कानाची श्रवणशक्ती कायमची कमी होते. अर्धशिशी असणाऱ्यांना डोके दुखत नसतानाही काही मिनिटे ते काही दिवस टिकणारी भोवळ येऊ शकते. प्रखर प्रकाश व मोठा आवाज अशा वेळी सोसवत नाही. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. संतुलन तंत्रिकेच्या शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) होणारी भोवळ एकाएकी सुरू होऊन एकदोन दिवस अत्यंत तीव्र असते, वांत्या होतात, रुग्ण डोळे मिटून पडून राहतो. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ती ओसरते.

आपल्या देशात विसरता न येण्याजोगे आणखी एक कारण म्हणजे वर्षानुवर्षे वाहणारा कान. मध्यकर्णाच्या जुनाट शोथात कधीकधी त्वचेच्या पेशींचा साठा होऊन तो भोवतालचे हाड पोखरतो. पोखरण अर्धवर्तुळाकार नलिकेपर्यंत पोहोचली की, कानावर बोट दाबताच भोवळ येते. ही अवस्था शस्त्रक्रियेची निकड दर्शविते, कारण पुढे जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणांपर्यंत जाऊ शकतो. अशा कानात कढविलेले तेल किंवा लसणाचे तेल घालणे धोक्याचे असते.

उठताक्षणी अंधारी येण्याचे प्रकार कानाशी नव्हे, तर रक्तदाबाशी संबंधित असतात. अतिरिक्त रक्तदाबावरील औषधांची मात्रा जास्त होणे, उन्हाळ्यात किंवा उपवासात शरीरातील पाणी कमी होणे व रक्तक्षय ही त्यांची नेहमीची कारणे होत. मधुमेहावरील औषध घेऊन उपाशी राहणाऱ्यास चक्कर आल्यास प्रथम रक्तशर्करा तपासावी. तशी सोय नसल्यास व रुग्णास गिळता येत असल्यास साखर किंवा गूळ द्यावा.

तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज : मस्तिष्क स्तंभ किंवा निमस्तिष्क यांचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास भोवळ हेच प्रमुख आणि क्वचित एकमेव ठळक लक्षण असते. हातापायांतील बळ शाबूत राहत असल्याने घरच्यांना पक्षाघाताची शंकाही येत नाही. वांत्या पाहून ‘बाधले असेल’ अशी समजूत होते आणि पहिले मोलाचे तास निघून जातात. पुढील लक्षणांपैकी कोणतेही एक भोवळीसोबत असल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे : वस्तू दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा गिळताना ठसका लागणे, चेहरा वाकडा होणे, हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर वा दुर्बल होणे, पूर्वी कधीही झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, डोक्यास नुकताच मार लागलेला असणे. यांत सर्वांत दुर्लक्षित, पण महत्त्वाचे लक्षण म्हणजे आधाराशिवाय बसता वा उभे राहता न येणे. कानाच्या भोवळीत रुग्ण एका बाजूस झुकतो, पण भिंतीच्या आधाराने बहुधा चार पावले टाकू शकतो. निमस्तिष्काच्या आघातात तो अनेकदा तेवढेही करू शकत नाही. रुग्ण उतारवयाचा, मधुमेही, रक्तदाबाचा किंवा धूम्रपान करणारा असेल आणि भोवळ प्रथमच व तासन्‌तास सतत राहिली असेल, तर इतर लक्षणांची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी.

संगणकीय क्ष-किरण छायाचित्रण (सीटी स्कॅन) स्वाभाविक आले म्हणजे धोका टळला, असे मानणे चूक आहे. त्या तपासणीत मेंदूच्या मागील भागातील ताजा आघात बहुधा दिसत नाही. एमआरआय तपासणीही पहिल्या एकदोन दिवसांत क्वचित चकवते. भोवळ चालू असतानाच डोळ्यांच्या हालचालींच्या तीन सोप्या परीक्षा रुग्णशय्येशेजारी केल्यास प्रशिक्षित वैद्यास अधिक विश्वासार्ह उत्तर मिळते, असे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. यांतील एक परीक्षा वरवर उलटी वाटते : डोक्यास अकस्मात हलका झटका दिला असता नजर लक्ष्यावर स्थिर राहिली, तर कान निरोगी ठरतो आणि म्हणूनच भोवळीचे मूळ मेंदूत असल्याची शंका बळावते.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास, कानातून पू येत असता भोवळ व ताप आल्यास किंवा कानावर पुरळ उठून चेहरा लुळा पडल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ञास दाखवावे. अचानक आलेल्या बहिरेपणावरील उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता अधिक असते.

झटका आला असता घ्यावयाची काळजी : भोवळ येताच असेल तेथे बसावे किंवा आडवे व्हावे, कारण भोवळीपेक्षा तिच्यामुळे पडणे अधिक अपाय करते. वृद्धांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे ते एक कारण आहे. दृष्टी दाराच्या चौकटीसारख्या स्थिर वस्तूवर रोखावी, डोके उशीवर किंचित उंच ठेवावे व अकस्मात वळवू नये. वांत्या थांबेपर्यंत साखर-मिठाचे पाणी घोटघोट द्यावे. शुद्ध पूर्ण नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये. उठताना आधी कुशीवर वळून, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे. झटके पूर्णपणे थांबेपर्यंत दुचाकी चालविणे, शिडीवर चढणे, विहिरीच्या काठाशी जाणे, पोहणे व एकट्याने चुलीशी काम करणे टाळावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा.

औषधे व व्यायाम : प्रोक्लोरपेराझीन, सिनॅरिझीन यांसारखी औषधे तीव्र भोवळ व वांत्या यांचे शमन करतात, परंतु ती दोनतीन दिवसांपलीकडे घेणे सहसा हितावह नसते. एक कान निकामी झाल्यावर मेंदू दुसऱ्या कानाच्या व डोळ्यांच्या साहाय्याने तोल पुन्हा जमवून घेण्यास शिकतो आणि ही औषधे नेमके तेच शिकणे मंदावतात. महिनोन्‌महिने घेतल्यास वृद्धांमध्ये त्यांमुळे हातापायांना कंप व ताठरपणा येतो. अशा वृद्धास कंपवात झाला असे समजून आणखी एक औषध सुरू केले जाते, असेही घडते. बीटाहिस्टीन हे औषध सर्रास दिले जाते, परंतु त्याच्या गुणाविषयी तज्ञांत एकमत नाही.

झटक्याचा जोर ओसरताच हालचाल सुरू करणे हा खरा उपचार होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये डोक्यास जखमा झालेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न व कुकसी यांनी व्यायामांची एक माला आखली. प्रथम निजून फक्त डोळे, मग बसून डोके, नंतर उभे राहून आणि शेवटी चालता चालता डोके हलविणे असा तिचा क्रम आहे. व्यायामाने आरंभी भोवळ वाढते व त्यामुळे काही रुग्ण तो सोडून देतात; वस्तुतः थोडी भोवळ आल्यावाचून मेंदूस दुरुस्तीची चेतना मिळत नाही. भीतीने मान आवळून चालणाऱ्या रुग्णात मूळ विकार बरा झाल्यावरही अस्थिरता महिनोन्‌महिने रेंगाळते.

दोन्ही कानांची संतुलनशक्ती नष्ट झाल्यास फिरल्याचा भास होत नाही, पण प्रत्येक पावलागणिक दृश्य हिंदकळते. १९४३ मध्ये शोधल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिनाच्या अंतःक्षेपणांनी (इंजेक्शनांनी) असंख्य क्षयरोग्यांचे प्राण वाचविले, पण त्यांतील काहींवर हीच वेळ आली. जेंटामायसीन या प्रतिजैव औषधाबाबतही हा धोका आहे. अशा एका वैद्याने १९५२ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला स्वानुभव प्रसिद्ध आहे : आरंभी नाडीच्या ठोक्यानेही पुस्तकातील अक्षरे हलत असल्याने वाचण्यासाठी त्यास खाटेच्या लोखंडी गजांमध्ये डोके टेकवून धरावे लागे. हळूहळू डोळे व पाय यांवर विसंबून तो चालू-फिरू लागला. तथापि अंधारात या आधारांपैकी डोळे निकामी ठरतात. अशा रुग्णांनी रात्री उजेडाविना चालू नये, खडबडीत वाटेवर काठी वापरावी आणि पाण्यात बुडी मारू नये, कारण पाण्याखाली वर कोणते व खाली कोणते हे त्यांना कळत नाही.